एकशे अडुसष्ट तास

प्रास्ताविक

भारतात डॉक्टर होऊ इच्छिणारा विद्यार्थी बारावीनंतर नीट ही परीक्षा देतो आणि यशस्वी झाल्यास थेट वैद्यकीय महाविद्यालयात जातो. मुक्त विद्यालयातून बारावी करणाऱ्यांना ही परीक्षा देता यावी की नाही, हा वाद अनेक वर्षे न्यायालयात होता. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो निकाली निघाला आणि मान्यताप्राप्त मुक्त विद्यालयांच्या विद्यार्थ्यांचा मार्ग मोकळा झाला. अमेरिकेत मात्र ही वाट बरीच लांबची आहे. तेथे आधी चार वर्षांचे पदवीशिक्षण पूर्ण करावे लागते आणि त्यानंतरच वैद्यकीय महाविद्यालयाचे दार उघडते. या चार वर्षांत घरापासून दूर राहणाऱ्या तरुणापुढे अभ्यास, रुग्णालयातील सेवा, प्रयोगशाळेतील काम आणि मित्रमंडळ अशी अनेक आकर्षणे व कर्तव्ये एकाच वेळी उभी राहतात. त्यांतील मित्रमंडळाला तेथे एक विशेष, संघटित रूप आहे. त्याला ‘फ्रॅटर्निटी’ म्हणतात. नोकरी, घर आणि अभ्यास एकाच वेळी सांभाळणाऱ्या मुक्त विद्यालयाच्या विद्यार्थ्याला या तरुणापुढील प्रश्न अगदीच परका वाटणार नाही.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही अमेरिकेतील वैद्यकपूर्व शिक्षणाचे स्वरूप सांगू शकाल, फ्रॅटर्निटी या संस्थेचा इतिहास थोडक्यात लिहू शकाल आणि वेळेच्या वाटणीविषयीच्या युक्तिवादाचे परीक्षण करू शकाल.

मूळ पाठ

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या, तेव्हा त्यांच्याजवळ कोणत्याही महाविद्यालयाची पदवी नव्हती. तशी अटही नव्हती. तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून ११ मार्च १८८६ रोजी त्या एम. डी. झाल्या. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षणाचे नियम बरेच सैल होते. आनंदीबाईंचे महाविद्यालय मन लावून शिकवणारे होते. परंतु शुल्क भरेल त्याला प्रवेश देणाऱ्या संस्थाही देशात पुष्कळ होत्या. १८९३ मध्ये बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याने प्रवेशासाठी पदवीची अट घातली. पुढे अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय शाळांची पाहणी केली आणि १९१० मध्ये आपला प्रसिद्ध अहवाल सादर केला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते. ते शिक्षक होते. त्यांच्या अहवालानंतर अनेक निकृष्ट शाळा बंद पडल्या. त्याच लाटेत कृष्णवर्णीयांच्या सात वैद्यकीय शाळांपैकी पाच शाळाही बंद पडल्या, हे या सुधारणेचे दुसरे अंग विसरता येत नाही. वैद्यकशास्त्राकडे वळण्यापूर्वी विद्यार्थ्याने महाविद्यालयात जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र शिकलेच पाहिजे, हा दंडक मात्र कायमचा रूढ झाला. ‘वैद्यकपूर्व विद्यार्थी’ ही जमात या दंडकातून निर्माण झाली.

वैद्यकपूर्व हे पदवीचे नाव नाही. तो एक संकल्प आहे. विद्यार्थी इतिहासात पदवी घेवो, संगीतात घेवो वा जीवशास्त्रात. विज्ञानाचे ठरावीक विषय त्याने पुरे केले पाहिजेत आणि एमकॅट नावाची प्रवेशपरीक्षा दिली पाहिजे. ही परीक्षा मधल्या विश्रांतीसह सुमारे साडेसात तास चालते. तिचे गुण ४७२ ते ५२८ या दरम्यान मोजले जातात. चार वर्षांत मिळालेल्या श्रेणींची सरासरी, म्हणजे जीपीए, ४ पैकी काढली जाते. २०२३ मध्ये सुमारे ५२ हजार विद्यार्थ्यांनी वैद्यकीय महाविद्यालयांकडे अर्ज केले आणि सुमारे २३ हजारांना प्रवेश मिळाला. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी जीपीए ३.७७ होती. याचा अर्थ असा, की बहुतेक विषयांत सर्वोच्च श्रेणी मिळवणाऱ्यांचीच येथे परस्परांशी स्पर्धा असते. एवढ्यावरही भागत नाही. रुग्णालयात स्वयंसेवा केली काय, डॉक्टरांबरोबर राहून त्यांचे काम पाहिले काय, संशोधनात हात लावला काय, कोठे नेतृत्व केले काय, हे सारे प्रवेश समिती विचारते.

अशा विद्यार्थ्याने फ्रॅटर्निटीत जावे काय? हा प्रश्न दर वर्षी हजारो घरांत विचारला जातो आणि त्याचे उत्तर बहुधा घाईने दिले जाते. आईवडिलांना फ्रॅटर्निटी म्हटले की मद्य आणि गोंगाट दिसतो. मुलाला मित्र दिसतात. दोघांनाही जे दिसते ते खरे असते, पण मूळ अडचण त्या दोन्हींपेक्षा वेगळ्या ठिकाणी आहे. ती समजण्यासाठी या संस्थेची घडण आधी पाहिली पाहिजे.

ग्रीक अक्षरांची नावे धारण करणाऱ्या या मंडळांची परंपरा अमेरिकेच्या स्वातंत्र्याइतकी जुनी आहे. ५ डिसेंबर १७७६ रोजी व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी महाविद्यालयात काही विद्यार्थ्यांनी ‘फाय बीटा कॅपा’ हे मंडळ स्थापन केले. गुप्त खूण, शपथ, ग्रीक ब्रीदवाक्य आणि जोडीला वादविवाद व निबंधवाचन असे त्याचे स्वरूप होते. पुढे ते विद्वत्तेचा सन्मान करणारे मंडळ बनले. एकत्र जेवणारे, राहणारे आणि आयुष्यभर एकमेकांना ‘बंधू’ म्हणवणारे मंडळ या अर्थाची फ्रॅटर्निटी न्यूयॉर्क राज्यातील युनियन महाविद्यालयात १८२५ मध्ये सुरू झालेल्या ‘कॅपा अल्फा’पासून मोजतात. स्त्रियांच्या अशाच मंडळांना ‘सोरोरिटी’ म्हणतात. २०१९ पासून अमेरिकेतील वैद्यकीय विद्यार्थ्यांत स्त्रियांची संख्या निम्म्याहून अधिक झाली आहे. तेव्हा येथे बंधुमंडळांविषयी जे सांगितले आहे, त्यातील बराचसा भाग भगिनीमंडळांनाही लागू पडतो.

ज्यांना या मंडळांनी दारात उभे केले नाही, त्यांनी आपली स्वतःची मंडळे उभारली. १९०४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील ज्यू विद्यार्थ्यांनी ‘फाय डेल्टा एप्सिलॉन’ स्थापन केली, कारण इतर वैद्यकीय मंडळे त्यांना घेत नसत. आज तिच्यात सर्व धर्मांचे विद्यार्थी व विद्यार्थिनी आहेत आणि वैद्यकपूर्व विद्यार्थ्यांसाठी तिच्या स्वतंत्र शाखा आहेत. त्याच कॉर्नेल विद्यापीठात १९०६ मध्ये सात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी ‘अल्फा फाय अल्फा’ उभी केली. तिचा आरंभ एकत्र अभ्यास करणाऱ्या आणि परस्परांना धीर देणाऱ्या छोट्याशा गटापासून झाला होता. त्या सातांपैकी एक, हेन्री आर्थर कॅलिस, पुढे डॉक्टर झाले आणि हॉवर्ड विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकवू लागले. भारतीय वंशाच्या मुलांनीही हाच मार्ग धरला. टेक्सास विद्यापीठात १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘डेल्टा एप्सिलॉन साय’ ही दक्षिण आशियाई विद्यार्थ्यांची फ्रॅटर्निटी आहे. अमेरिकेत वाढलेली मराठी घरांतील मुलेही आता अशा मंडळांच्या दारातून आत जातात.

मंडळात प्रवेश कसा होतो? सत्राच्या आरंभी काही दिवस ‘रश’ चालतो. इच्छुक विद्यार्थी निरनिराळ्या मंडळांच्या घरी जातात, जेवतात, गप्पा मारतात. ज्याला आमंत्रण मिळते तो ‘प्लेज’ म्हणजे उमेदवार होतो. पुढील काही आठवडे त्याने मंडळाचा इतिहास पाठ करायचा, जुन्या सदस्यांच्या ओळखी करून घ्यायच्या, घराची साफसफाई करायची, कार्यक्रमांची मांडामांड करायची. ही उमेदवारी संपली की दीक्षाविधी होतो. नंतर साप्ताहिक सभा, वर्गणी, समित्या, लोकोपयोगी कामासाठी निधी गोळा करणे असा नेहमीचा क्रम सुरू होतो. नेहमीच्या सदस्याचा वेळ तुलनेने थोडाच जातो. उमेदवाराचा पुष्कळ जातो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

पाठगत प्रश्न १

(अ) आनंदीबाईंच्या वेळी नसलेली कोणती अट पुढे रूढ झाली? ती प्रथम कोणत्या महाविद्यालयाने घातली?
(आ) ‘वैद्यकपूर्व हे पदवीचे नाव नाही. तो एक संकल्प आहे,’ या विधानाचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.

आता हिशेब मांडू. आठवड्याचे एकशे अडुसष्ट तास सर्वांना सारखेच मिळतात. समजा, एक विद्यार्थी पहिल्या वर्षात आहे. त्याने पंधरा श्रेयांकांचे विषय घेतले आहेत. वर्ग आणि प्रयोगशाळा मिळून त्याचे वीस तास जातात. वर्गातील प्रत्येक तासामागे घरी दोन तास अभ्यास करावा, असा तेथील महाविद्यालयांत जुना संकेत आहे. त्याप्रमाणे आणखी तीस तास. रोज आठ तास झोप धरली तर छप्पन्न. जेवण, स्नान, कपडे धुणे, एका इमारतीतून दुसरीकडे चालत जाणे यांस रोज तीन तास म्हणजे एकवीस. बेरीज होते एकशे सत्तावीस. शिल्लक एक्केचाळीस तास!

हे एक्केचाळीस तास पाहून नवा विद्यार्थी खूश होतो. अद्याप त्याला संशोधन मिळालेले नसते, रुग्णालयाची सेवा सुरू झालेली नसते, नोकरीही बहुधा नसते. उमेदवारीला आठवड्याचे पंधरा-वीस तास गेले तरी कागदावर वीसेक तास उरतातच. म्हणून तो पहिल्याच सत्रात होकार देतो. येथेच तो फसतो, आणि बेरीज मात्र अगदी बरोबर असते.

फसण्याची कारणे दोन. पहिले असे, की तीस तासांचा अभ्यास हा अंदाज आहे आणि तो दुसऱ्या कोणाच्या तरी डोक्याचा आहे. शालेय वर्गात सहज पहिला येणारा मुलगा महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत निम्मे गुण मिळवतो, तेव्हा त्याला प्रथमच कळते की आपल्याला तीस नव्हे, चाळीस तास लागतात. आपल्या अभ्यासाचे माप त्याला ठाऊकच नसते. ते ठाऊक होण्यासाठी एक सत्र जावे लागते. दुसरे कारण असे, की सगळे तास सारख्या मोलाचे नसतात. शुक्रवारी सकाळी चाचणी असता गुरुवारच्या रात्रीचे तीन तास आणि शनिवारी दुपारचे तीन तास यांची अदलाबदल होत नाही. अभ्यासाला कोणती वेळ द्यायची हे विद्यार्थी ठरवतो. पण मंडळाची हाक त्याला विचारून येत नाही. उमेदवाराची खरी किंमत या हाकेत आहे. तास किती गेले यापेक्षा कोणते तास गेले आणि ते कोणी ठरवले, हे पाहिले पाहिजे.

याशिवाय काही तास असे असतात की ते कोणत्याच वहीत लिहिले जात नाहीत. सभा नऊला संपते. पण सदस्य साडेदहापर्यंत दिवाणखान्यात बसून असतो. कोणी चित्रपट लावलेला असतो, कोणी भूक लागली म्हणून पिझ्झा मागवलेला असतो. या वेळेला वाया गेलेली म्हणणे अन्यायाचे होईल. घरापासून हजार मैलांवर राहणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलाला अशा बसण्याउठण्यातूनच आधार मिळतो. पण तो वेळ गेला हे खरे, आणि तो बहुधा झोपेतून गेला हेही खरे.

त्या पहिल्या सत्राचे पुढे काय होते ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. श्रेणी मिळाली की ती टिकते. समजा, या विद्यार्थ्याची पहिल्या सत्राची सरासरी २.४ आली आणि त्यानंतर त्याने डोळे उघडून प्रत्येक सत्रात ३.८ मिळवले. अर्ज तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस करायचा असतो. तोपर्यंत त्याचे नव्वद श्रेयांक झालेले असतात. पहिले पंधरा २.४ प्रमाणे ३६ होतात आणि उरलेले पंचाहत्तर ३.८ प्रमाणे २८५. एकूण ३२१ भागिले ९० केले की सरासरी ३.५७ येते. अडीच वर्षे सतत उत्तम काम करूनही त्या चौदा-पंधरा आठवड्यांची खूण पुसली जात नाही. वैद्यकीय महाविद्यालयांच्या सामायिक अर्जव्यवस्थेत विज्ञान व गणित यांची सरासरी वेगळी काढली जाते. तेव्हा पहिल्या सत्रातील रसायनशास्त्राचा फटका दोन ठिकाणी बसतो. एखादा विषय पुन्हा घेतला तरी पहिली श्रेणी हिशेबातून जात नाही. दोन्ही धरल्या जातात. अर्थात ३.५७ ने सर्व दारे बंद होतात असे नाही. प्रवेश समित्या चढती कमान पाहतात आणि अशा सरासरीचे विद्यार्थीही डॉक्टर होतात. पण त्यांना एमकॅटमध्ये आणि इतरत्र अधिक दाखवावे लागते. जे ओझे टाळता आले असते ते ते वाहत असतात.

म्हणून ‘जावे की न जावे’ यापेक्षा ‘केव्हा जावे’ हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. काही विद्यापीठांनी तो स्वतःच सोडवला आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाने २०१२ मध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना अशा मंडळांत सामील होण्यास मनाई केली. इतर काही ठिकाणी रश दुसऱ्या सत्रात होतो, आणि प्रवेशासाठी किमान जीपीएची अट असते. जेथे असा नियम नाही तेथेही विद्यार्थ्याला थांबता येते. पहिल्या सत्रात मंडळाच्या घरी जेवायला जावे, माणसे पारखावीत आणि उमेदवारी दुसऱ्या सत्रात किंवा दुसऱ्या वर्षी करावी. ज्या मंडळाला एक सत्र थांबणारा मुलगा नको असतो, त्याने स्वतःविषयी पुरेशी माहिती दिलेली असते.

मंडळाच्या जमेच्या बाजूकडे आता पाहावे लागेल, कारण ती लहान नाही. वैद्यकपूर्व अभ्यास हा एकाकी अभ्यास असतो. वर्गातील प्रत्येक जण प्रतिस्पर्धी आहे ही भावना विद्यार्थ्याच्या मनात लवकर रुजते. त्याच मंडळातील तिसऱ्या वर्षाचा मुलगा प्रतिस्पर्धी नसतो. सेंद्रिय रसायनशास्त्र कोणत्या प्राध्यापकांकडे घ्यावे, भौतिकशास्त्र त्याच सत्रात का घेऊ नये, कोणत्या रुग्णालयात स्वयंसेवकाला खरोखर रुग्णांजवळ जाऊ देतात, हे तो सांगतो. ही माहिती पुस्तकात मिळत नाही. अनेक मंडळांत उमेदवारांसाठी ग्रंथालयात बसण्याचे तास सक्तीचे असतात. कॅलिस आणि त्यांच्या सहा मित्रांनी ज्या गरजेपोटी एकत्र बसायला सुरुवात केली होती, ती गरज शंभराहून अधिक वर्षांनंतरही गेलेली नाही. मात्र काही घरांतून जुन्या प्रश्नपत्रिकांची जी फाइल हिंडते तिच्याबाबत सावध राहावे लागते. प्राध्यापकांनी परत दिलेली जुनी प्रश्नपत्रिका पाहणे हा अभ्यास असतो. न दिलेली पाहणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि फाइलमध्ये दोन्ही शेजारी शेजारी असतात.

अभ्यासेतर कामांविषयीचा एक गैरसमज फार पसरलेला आहे. जितकी कामे अधिक तितका अर्ज भक्कम, असे विद्यार्थी समजतात आणि पाच संस्थांत नावे नोंदवून एकीतही दिसत नाहीत. अर्जात कामांसाठी जास्तीत जास्त पंधरा जागा असतात, आणि त्यांतील तीनच कामे ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडून त्यांविषयी सविस्तर लिहायचे असते. पंधरा जागा भरल्याच पाहिजेत असा नियम नाही. एका धर्मशाळेवजा रुग्णसेवा केंद्रात दोन वर्षे दर शनिवारी चार तास जाणाऱ्या मुलाला लिहिण्यासारखे काही असते; आठ ठिकाणी एकेक दिवस गेलेल्याला नसते. मंडळातील पदांचेही तसेच. ‘सदस्य’ या शब्दाने समितीला काहीच कळत नाही. पण साठ मुलांकडून वर्गणी गोळा करणारा, थकबाकीदाराशी भांडण न होऊ देता बोलणारा, गळक्या छपरासाठी पैसे राखून ठेवणारा खजिनदार हा एकोणिसाव्या वर्षी असे काम करत असतो, जे पुष्कळ डॉक्टरांना दवाखाना काढल्यावर प्रथम करावे लागते. मंडळाच्या वतीने रक्तदान शिबिर भरवणाऱ्यालाही असेच काही शिकायला मिळते. पद शोभेचे असले तर ते मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडे पडते.

मंडळाच्या काळ्या बाजूविषयी संकोच न करता बोलले पाहिजे. भारतात ज्याला रॅगिंग म्हणतात त्याला तेथे ‘हेझिंग’ म्हणतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ मध्ये त्याविरुद्ध विनियम केले. अमेरिकेत राज्याराज्यांचे कायदे आहेत. २०१७ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका फ्रॅटर्निटीच्या घरी उमेदवाराला अतोनात मद्य पाजण्यात आले, तो जिन्यावरून पडला आणि त्याचा मृत्यू झाला. तासन्‌तास कोणी मदत बोलावली नव्हती. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्याने कायदा कडक केला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये महाविद्यालयांना हेझिंगच्या घटना जाहीर करणे भाग पाडणारा संघीय कायदाही झाला. ज्या घरात जखमी मुलासाठी फोन उचलला जात नाही, त्या घरात डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्याने का राहावे? येथे वेळेचा हिशेब कामाचा नाही.

मद्याविषयी कायदा स्पष्ट आहे. अमेरिकेत मद्य विकत घेण्याचे किमान वय एकवीस आहे, आणि पदवीचे पहिले अडीच-तीन वर्षांचे बहुतेक विद्यार्थी त्याहून लहान असतात. वैद्यकपूर्व विद्यार्थ्याला याची किंमत इतरांपेक्षा अधिक पडते. अर्जात त्याला विचारले जाते, की अभ्यासातील वा वर्तनातील गैरप्रकाराबद्दल महाविद्यालयाने तुमच्यावर कधी कारवाई केली आहे काय. ती कारवाई गुणपत्रकावर नोंदलेली नसली तरी ‘होय’ असेच उत्तर द्यावे लागते आणि खुलासा लिहावा लागतो. मंडळाच्या घरी कोणी दुसऱ्याने केलेल्या दंग्यात नाव गोवले गेले, तर त्याचा खुलासाही त्यालाच लिहावा लागतो.

ज्यांना हे सारे सांभाळता येते, त्यांच्या दिनक्रमात काही गोष्टी सारख्या आढळतात. ते सत्राच्या पहिल्या आठवड्यात सर्व चाचण्यांच्या तारखा एका कॅलेंडरवर लिहितात आणि मंडळाच्या कार्यक्रमांच्या तारखा त्याखाली, वेगळ्या शाईने. दोन तारखा एकमेकींवर आल्या तर त्यांना तीन आठवडे आधी कळते, आणि तीन आठवडे आधी दिलेला नकार कोणाला झोंबत नाही. आदल्या रात्री दिलेला झोंबतो. ते मंडळाच्या घरात राहायला गेले तरी अभ्यास तेथे करत नाहीत. रात्रीच्या जेवणानंतर ग्रंथालय गाठतात. सेंद्रिय रसायनशास्त्राच्या वर्षी पद घेत नाहीत. त्या विषयाला रोज थोडा वेळ लागतो. एका रात्रीत तो होत नाही. रुग्णवाहिकेवर काम करण्याचे शंभराहून अधिक तासांचे प्रशिक्षण त्यांतील काही जण उन्हाळ्याच्या सुटीत उरकून घेतात आणि सत्रात फक्त पाळ्या करतात.

सर्वांना हे शक्य होते असे मात्र नाही. फ्रॅटर्निटीची वर्गणी मोठी असते. ज्याला आठवड्याला पंधरा तास उपाहारगृहात काम करून शुल्क भरावे लागते, त्याच्या एक्केचाळीस तासांतून पंधरा आधीच गेलेले असतात. त्याने मंडळात जाऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण त्याला आणि वडिलांच्या पैशावर शिकणाऱ्या त्याच्या खोलीतील जोडीदाराला एकच वेळापत्रक लागू पडत नाही. वेळेच्या नियोजनावरील पुष्कळशा पुस्तकांत हा फरक सांगितलेला नसतो. अशा विद्यार्थ्याला वैद्यकपूर्व शाखांची मंडळे अनेकदा अधिक सोयीची पडतात. त्यांना बहुधा राहण्याचे घर नसते, खर्च कमी असतो आणि सभेतील विषय त्याच्या अभ्यासाशी जुळतात.

तिसऱ्या वर्षाचा वसंत हा कसोटीचा काळ. एमकॅट जवळ आलेली असते, तिच्या तयारीलाच कित्येक आठवडे लागतात, अर्ज मे महिन्यात उघडणार असतो, शिफारसपत्रांसाठी प्राध्यापकांना भेटायचे असते. मंडळाच्या निवडणुकाही याच सुमारास आल्या, तर जुने सदस्य अध्यक्षपदाचा आग्रह धरतात. मागील वर्षभर खजिनदारी केलेला विद्यार्थी अशा वेळी हिशेबाची वही नव्या माणसाच्या हाती देतो, थकबाकीची यादी त्याला समजावून सांगतो आणि रविवारच्या सभेला फक्त सदस्य म्हणून मागच्या रांगेत बसतो. सभा संपल्यावर तो दिवाणखान्यात थांबत नाही.

पाठगत प्रश्न २

(अ) पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची बेरीज बरोबर असूनही तो फसतो, असे पाठात म्हटले आहे. त्याची दोन कारणे लिहा.
(आ) पहिल्या सत्रात ३.० आणि पुढील पाच सत्रांत ३.८ सरासरी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची नव्वद श्रेयांकांनंतरची जीपीए काढा. प्रत्येक सत्रात पंधरा श्रेयांक धरा.

शब्दार्थ

दंडक – नियम, ठरलेली रीत
संकल्प – मनाशी केलेला निश्चय
उमेदवारी – कायम होण्यापूर्वीचा शिकाऊ काळ
श्रेयांक – विषयाच्या तासांवरून ठरणारे अभ्यासाचे एकक
दीक्षाविधी – मंडळात विधिपूर्वक सामील करून घेणे
थकबाकीदार – देणे वेळेवर न फेडलेला
चढती कमान – क्रमाने होत जाणारी वाढ

स्वाध्याय

१. ‘तास किती गेले यापेक्षा कोणते तास गेले आणि ते कोणी ठरवले, हे पाहिले पाहिजे.’ तुमच्या आठवड्याच्या एकशे अडुसष्ट तासांची नोंद सात दिवस ठेवा. त्यांपैकी कोणते तास तुम्ही ठरवता आणि कोणते तास नोकरी, घर किंवा शेजारपाजार ठरवतो, ते दोन रकान्यांत मांडा व त्यावर एक परिच्छेद लिहा.

२. पहिल्याच सत्रात फ्रॅटर्निटीत जाऊ इच्छिणारा मुलगा आणि त्याची आई यांच्यातील दूरध्वनीवरील संभाषण लिहा. दोघांचीही बाजू न्याय्य वाटली पाहिजे.

३. पाठातून संधियुक्त असलेले चार शब्द शोधा आणि त्यांचा विग्रह करा.

४. उमेदवारी एक सत्र पुढे ढकलणे योग्य की अयोग्य, याविषयी तुमचे मत दीडशे शब्दांत मांडा. पाठातील निदान एका मुद्द्याशी असहमती दाखवा.